परदेशी दत्तक: वाट पाहणारे घर आणि न आखलेली वाट

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे राज्यभर परिचित झाले. त्या आंदोलनाच्या मागण्यांबाबत मतमतांतरे असतील; परंतु एक गोष्ट त्यानिमित्ताने ठळकपणे पुढे आली. एखादा माणूस कोणाचा कोण आहे, हे गावाला कितीही पक्के ठाऊक असले तरी सरकारदरबारी त्याची नोंद लागते. नोंद सापडली तर हक्क, न सापडली तर प्रतीक्षा. म्हणूनच निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीला मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरे धुंडाळावी लागली. नाते आणि नोंद यांतील हेच अंतर, जातीच्या नव्हे तर अपत्याच्या संदर्भात, १६ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालातून समोर आले. त्या निकालाची चर्चा दोन दिवसांत विरली. त्यातून उपस्थित झालेला प्रश्न मात्र तसाच आहे.

प्रकरण थोडक्यात असे. एका भारतीय दांपत्याला आपल्या नात्यातील एक मूल दत्तक घ्यायचे होते. मूल २०१९ मध्ये अमेरिकेत जन्मलेले, त्यामुळे तेथील कायद्यानुसार अमेरिकेचे नागरिक. ते अवघ्या काही महिन्यांचे असताना भारतात आणले गेले आणि तेव्हापासून या दांपत्याच्याच घरी वाढले. दत्तकविधान कायदेशीर व्हावे यासाठी त्यांनी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘कारा’कडे, दत्तकेच्छुक पालक म्हणून नोंदणी मागितली. ती मिळाली नाही, म्हणून त्यांनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांच्या खंडपीठाने त्यांची याचिका फेटाळली. मूल भारतीय आईबापांच्या पोटी जन्मलेले असले, तरी बालन्याय कायद्याच्या कक्षेत न येणारे अमेरिकी मूल दत्तक घेण्याचा मूलभूत हक्क भारतीय नागरिकाला नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. आधी अमेरिकेतील कायद्यानुसार दत्तकविधान पूर्ण करावे, मग दत्तक मुलाला भारतात आणण्याचे सोपस्कार करावेत, ही ‘कारा’ची भूमिका न्यायालयाने मान्य केली.

याचा अर्थ असा, की जे मूल रांगायला, चालायला आणि बोलायला याच घरात शिकले, ज्याचे वय निकालाच्या वेळी पहिलीच्या वर्गात बसण्याएवढे झाले होते, ते कायद्याच्या दृष्टीने अद्याप त्या घरचे नाही. न्यायालयाने कायदा आहे तसा लावला, यात शंका नाही. प्रश्न आहे तो कायद्यात मुळातच न आखलेल्या वाटेचा.

तीन दारे, तिन्ही बंद

भारतात नात्यातील मूल दत्तक घेण्याचे मार्ग कोणते, हे आधी पाहायला हवे. पहिला मार्ग १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचा. या कायद्यानुसार जन्मदाते आईबाप आपले मूल दुसऱ्या हिंदू दांपत्याला थेट देऊ शकतात. प्रत्यक्ष देणे आणि घेणे घडले पाहिजे. दत्तहोम आवश्यक नाही. प्रथेनुसार दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात दत्तकपत्र नोंदविले जाते आणि प्रकरण तेथेच मिटते. महाराष्ट्रातील खेडोपाडी भावाचे किंवा बहिणीचे मूल ‘ओटीत घेतले’ जाते, ते याच मार्गाने.

दुसरा मार्ग २०१५ च्या बालन्याय कायद्याचा. अनाथ, परित्यक्त आणि आईबापांनी रीतसर स्वाधीन केलेल्या मुलांसाठी हा कायदा आहेच. शिवाय त्याच्या ५६ व्या कलमात नातलगाने नातलगाचे मूल दत्तक घेण्याचीही तरतूद आहे. ‘नातलग’ या शब्दाची व्याख्या तेथे मोजकी आहे. काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा यांचाच तीत समावेश होतो. ही तरतूद त्या दांपत्याच्या कामी यावी असे वाचणाऱ्याला वाटेल. तथापि, मूल परदेशी नागरिक असेल तर, ते काळजी व संरक्षणाची गरज असलेले किंवा विधिसंघर्षग्रस्त बालक असल्याशिवाय, नातलगांतही दत्तकविधानाची तरतूद या कायद्यात व नियमावलीत नाही, असे न्यायालयाने म्हटले. आणि हे मूल तर सुखरूप घरात, मायेच्या माणसांत वाढत होते. ते निराधार नव्हते, हीच त्याची अडचण ठरली.

तिसरा मार्ग आंतरदेशीय दत्तकाचा. देशाची सीमा ओलांडणारे सर्व दत्तकविधान केवळ बालन्याय कायद्यानुसारच व्हावे, असे ५६ वे कलम बजावते. त्यामुळे घरगुती दत्तकपत्र येथे पुरेसे ठरत नाही. परंतु याच कायद्यातील ‘आंतरदेशीय दत्तक’ या संज्ञेची व्याख्या पाहिली, तर ती भारतातील मूल अनिवासी भारतीयाने, भारतीय वंशाच्या व्यक्तीने किंवा परदेशी नागरिकाने दत्तक घेणे एवढ्यापुरतीच आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेसमोर आहे ते भारतातून बाहेर जाणारे मूल. बाहेरून आत येणारे मूल व्याख्येतच नाही.

त्याची दखल केवळ नियमावलीत घेतलेली आढळते. २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार भारतीय नागरिकाला परदेशातील मूल दत्तक घ्यायचे असेल, तर त्याचे सोपस्कार प्रथम त्या देशात, तेथील कायद्यानुसार पूर्ण करावे लागतात. गृह अध्ययन अहवाल, मुलाचा अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय अहवाल मिळाल्यावर ‘कारा’ मान्यता देते. परदेशी पारपत्रधारक मुलाला दत्तकविधानानंतर भारतात येण्यासाठी व्हिसा किंवा ‘ओसीआय’ कार्ड लागते. ही रचना मूल परदेशात आहे आणि पालक भारतात आहेत, या गृहीतावर उभी आहे. मूल आधीच भारतात असेल, वर्षानुवर्षे येथेच वाढत असेल, तर काय, याचे उत्तर तीत नाही.

नियम इतके कडक का?

या कडकपणामागे निर्दयता आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यामागे कटू अनुभवांचा इतिहास आहे आणि त्यातील बराच भाग महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातील असंख्य मुले युरोप-अमेरिकेतील कुटुंबांत दत्तक गेली. त्यांतील अनेकांचे कल्याण झाले, हे नाकारता येणार नाही. ऑस्ट्रेलियाची अष्टपैलू क्रिकेटपटू लिसा स्थळेकर हे त्याचे ठळक उदाहरण. १९७९ मध्ये पुण्यात जन्मलेल्या या मुलीला ससून रुग्णालयाशी निगडित ‘श्रीवत्स’ संस्थेतून अवघ्या काही आठवड्यांची असताना हरेन आणि स्यू स्थळेकर या दांपत्याने दत्तक घेतले. हरेन मूळचे मुंबईचे, स्यू इंग्लिश. हीच मुलगी पुढे ऑस्ट्रेलियाकडून खेळली आणि २०१३ मध्ये मुंबईतच विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होती. मराठी घराने सातासमुद्रापार वाढविलेले हे लेकरू पाहून दत्तकाच्या चांगल्या बाजूबद्दल निराळे काही सांगण्याची गरज उरत नाही.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. परदेशी पालकांकडून मिळणारा पैसा, त्यातून उभी राहिलेली दलाली आणि गरीब आईच्या संमतीचा झालेला खेळ यांविषयीच्या तक्रारी १९८० च्या दशकाच्या आरंभीच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या होत्या. अॅड. लक्ष्मीकांत पांडे यांच्या १९८२ मधील पत्राची याचिका म्हणून दखल घेत न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी फेब्रुवारी १९८४ मध्ये दिलेला निकाल हा भारतातील आंतरदेशीय दत्तकाचा पाया मानला जातो. मूल आधी देशातच वाढावे, न जमल्यास मगच परदेशाचा विचार व्हावा, आणि प्रत्येक टप्प्यावर स्वतंत्र पडताळणी व्हावी, ही सूत्रे त्यातूनच आली. १९९० मध्ये ‘कारा’ स्थापन झाली. १९९३ मध्ये हेग येथे आंतरदेशीय दत्तकाविषयीचा करार झाला आणि २००३ मध्ये भारताने त्याला अनुसमर्थन दिले.

तरीही गैरप्रकारांचे आरोप थांबले नाहीत. पुण्यातील ‘प्रीत मंदिर’ या संस्थेवरील आरोपांचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गाजले आणि २०१० मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाच्या कारवाईने ते देशभर पोहोचले. पुण्यात १९७३ मध्ये जन्मून जर्मनीत दत्तक गेलेले अरुण डोले यांना आपल्या जन्मदात्या आईची माहिती मिळविण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले. पुढे ते आंतरदेशीय दत्तकातील गैरप्रकारांविरुद्धच्या मोहिमेतील प्रमुख आवाज बनले. मोठे झालेले मूल एक दिवस ‘मी कोणाचा?’ असे विचारते आणि तेव्हा कागद खोटा निघाला, तर त्याच्या आयुष्याचा आधारच डळमळतो. ‘कारा’ची सावधगिरी या अनुभवांतून आलेली आहे. एखाद्या दांपत्याला ती जाचक वाटली, तरी तिचे मूळ विसरता येत नाही.

प्रतीक्षेची रांग

सावधगिरीचे दुसरे कारण मागणी आणि संख्या यांच्या विषम प्रमाणात आहे. २०२५ च्या मध्यास देशात ‘कारा’कडे नोंदणी केलेल्या दत्तकेच्छुक पालकांची संख्या ३६ हजारांहून अधिक होती, दत्तकासाठी कायद्याने मोकळी असलेली मुले मात्र सुमारे २,६०० होती. दत्तकासाठीची सरासरी प्रतीक्षा साडेतीन वर्षांच्या घरात गेली होती. २०२४-२५ या वर्षात ४,५१५ दत्तकविधाने झाली. आदल्या अनेक वर्षांच्या तुलनेत हा आकडा मोठा, पण रांगेच्या मानाने अगदीच अपुरा.

या रांगेत उभे राहणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले त्यालाच ठाऊक. संगणकीय नोंदणी, सामाजिक कार्यकर्त्याची गृहभेट, उत्पन्नाचे व आरोग्याचे दाखले आणि त्यानंतर नुसती वाट पाहणे. एखाद्या दिवशी मुलाची माहिती येते आणि ४८ तासांत त्या मुलासाठी आपली निवड नोंदवावी लागते. तीन वर्षे काहीच घडत नाही आणि मग दोन दिवसांत आयुष्य ठरवायचे असते. अशा रांगेतल्या पालकांना वाटणे स्वाभाविक आहे, की नात्याचा दाखला पुढे करून कोणी मधूनच पुढे सरकू नये. शासनालाही भीती असते ती याचीच. ‘हे आमच्या नात्यातले मूल’ या एका वाक्यावर परदेशातून आणलेली मुले कायदेशीर होऊ लागली, तर त्या वाक्याचा बाजार मांडायला दलालांना वेळ लागणार नाही.

मात्र येथे दोन वेगळ्या प्रतीक्षांची गल्लत होते. रांगेतील दांपत्य एका अनोळखी मुलाची वाट पाहत असते. नात्यातील मूल सांभाळणारे दांपत्य कोणाचीच वाट पाहत नसते; मूल घरात आहेच. ते वाट पाहते ती त्या मुलाचे आपल्याशी असलेले नाते मान्य करणाऱ्या एका आदेशाची. त्याला आदेश दिल्याने रांगेतील कोणाचा क्रम मागे जात नाही, आणि नाकारल्याने कोणाला मूल मिळत नाही.

दत्तक हा मराठी घराचा जुना परिचित

महाराष्ट्राला नात्यातील दत्तकाचे नावीन्य नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गोपाळरावास १८७५ मध्ये बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतले आणि ते सयाजीराव गायकवाड झाले. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. आधुनिक महाराष्ट्राच्या घडणीत ज्यांचे ऋण सर्वाधिक मानले जाते, त्यांतील हे दोघेही दत्तक पुत्र. दत्तक मान्य करण्याचा अधिकार कोणाचा, हा वादही येथे जुनाच आहे. १८४८ मध्ये सातारचे आणि १८५४ मध्ये झाशीचे राज्य खालसा झाले, ते दत्तक वारस कंपनी सरकारने नाकारल्यामुळेच. घराने मानलेले अपत्य राज्यकर्त्याने न मानण्याचे परिणाम त्या इतिहासात नोंदलेले आहेत.

राजघराण्यांचे सोडले, तरी सामान्यांच्या घरात ही प्रथा टिकून आहे. अंतरवाली सराटीसारख्या गावात थोरल्या भावाला मूल नसेल आणि धाकट्याला तीन असतील, तर त्यांतील एक थोरल्याच्या घरी वाढते, यात कोणाला नवल वाटत नाही. फरक पडला आहे तो भावंडांच्या पत्त्यांत. एका पिढीपूर्वी धाकटा भाऊ शेजारच्या वाड्यात असे. नंतर तो छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला गेला. आता तो अमेरिकेत किंवा आखाती देशांतही असू शकतो. मूल देण्याघेण्याची भावना तीच राहिली, मात्र मुलाच्या जन्माचा देश बदलला. आणि जन्माचा देश बदलताच, जे प्रकरण तालुक्याच्या दुय्यम निबंधकांकडे एका दिवसात मिटले असते, ते दोन देशांच्या केंद्रीय यंत्रणांमध्ये अडकते.

अमेरिकेत दत्तकविधान हा तेथील राज्यांच्या न्यायालयांचा विषय आहे. अधिकारक्षेत्रासाठी मूल किंवा पालक त्या राज्यात राहत असणे सामान्यतः महत्त्वाचे ठरते. मूल काही महिन्यांचे असतानाच भारतात आले असेल आणि दत्तक घेणारे दांपत्यही भारतातच राहत असेल, तर ‘आधी तेथे दत्तक घ्या’ हा सल्ला कागदावर सरळ आणि व्यवहारात अतिशय बिकट ठरतो. त्यासाठी व्हिसा, परदेशी वकील, दीर्घ मुक्काम आणि मोठा खर्च आला. मुख्य म्हणजे शाळेत जाणाऱ्या मुलाला त्याच्या घरातून उचलून, त्याला न आठवणाऱ्या देशात नेणे आले. सुस्थितीतील शहरी कुटुंबालाही हे झेपेलच असे नाही. खेड्यातील कुटुंबाची तर गोष्टच नको.

आदेशाविना वाढणारे मूल

दत्तक आदेश नसल्याने मुलाच्या दैनंदिन जीवनात काय अडते, याची कल्पना बाहेरच्यास सहसा येत नाही. माया कागदावर अवलंबून नसते हे खरे. पण मुलाचे पारपत्र कागदावरच अवलंबून असते. सोळा वर्षांखालील मुलाचे अमेरिकी पारपत्र पाच वर्षांपुरतेच वैध असते आणि नव्या पारपत्रासाठी सर्वसाधारणपणे दोन्ही कायदेशीर पालकांची संमती लागते. कायद्याच्या लेखी हे पालक म्हणजे परदेशातील जन्मदाते. परदेशी नागरिक म्हणून भारतातील मुलाच्या वास्तव्याची कागदपत्रेही सतत अद्ययावत ठेवावी लागतात. शाळेचा अर्ज, शस्त्रक्रियेची संमती, बँकेचे खाते, प्रत्येक ठिकाणी ‘पालकाचे नाव’ या रकान्यापाशी हात थबकतो.

वारसाहक्काचा प्रश्न याहून गंभीर आहे. रीतसर दत्तक गेलेले मूल कायद्याने त्या घरचे अपत्य होते आणि वारस ठरते. दत्तकविधानच झाले नसेल तर, मृत्युपत्राखेरीज, त्या मुलाला सांभाळणाऱ्यांच्या मिळकतीत अपत्य म्हणून स्थान नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार न्यायालयाकडून पालकत्व मिळविणे हा एक पर्याय सुचविला जातो. त्याने दैनंदिन निर्णयांचा प्रश्न काही अंशी सुटतो. परंतु पालकत्व मूल सज्ञान झाले की संपते. अपत्यत्व संपत नसते. आपण या घरचे आहोत की या घरी ठेवलेले आहोत, हा प्रश्न वयात येणाऱ्या मुलाने स्वतःला विचारावा, अशी परिस्थिती कोणत्याही कायद्याने निर्माण करू नये.

जाणाऱ्यासाठी वाट निघाली, येणाऱ्यासाठी का नाही?

कायद्यात फट असेल, तर ती बुजविता येते, याची उदाहरणे आहेत. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानुसार भारतात दत्तक घेतलेली मुले परदेशी नेताना कुटुंबांची वर्षानुवर्षे अडवणूक होत असे, कारण त्या दत्तकविधानाला हेग कराराच्या चौकटीत जागा नव्हती. सप्टेंबर २०२१ मध्ये नियमावलीत दुरुस्ती करून त्यासाठी स्वतंत्र प्रक्रिया आखण्यात आली. जिल्हा पातळीवर पडताळणी आणि त्यानंतर ‘कारा’चे ना हरकत प्रमाणपत्र, अशी ती प्रक्रिया. परदेशस्थ नातलगाने भारतातील नातलगाचे मूल दत्तक घेण्याची तरतूद तर बालन्याय कायद्याच्या ६० व्या कलमात आधीपासूनच आहे. म्हणजे मुंबईतील भाचा शिकागोच्या मावशीकडे दत्तक जाऊ शकतो. शिकागोचा भाचा मुंबईच्या मावशीकडे मात्र त्याच सुलभतेने येऊ शकत नाही.

बालाझ प्रकरणही येथे आठवते. गुजरातमधील आणंद येथे २००८ मध्ये सरोगसीतून जन्मलेली एका जर्मन पित्याची जुळी मुले जर्मनी नागरिक मानीना आणि भारतही त्यांच्या पारपत्राचा प्रश्न सोडवीना. दोन वर्षांहून अधिक काळ ती अधांतरी राहिली. अखेर सर्वोच्च न्यायालयाने मनावर घेतल्यावर २०१० मध्ये, आंतरदेशीय दत्तकाचा मार्ग खास बाब म्हणून खुला करून, त्यांची सुटका झाली. तेव्हा कोणी कायदा मोडला नाही. मुलाचे हित पुढे ठेवून यंत्रणांना एकत्र बसविण्यात आले, इतकेच.

खुद्द हेग कराराकडे पाहिले, तर नात्यातील दत्तकाबाबत तो भारतीय नियमांपेक्षा अधिक समंजस दिसतो. दत्तक घेणारे आणि जन्मदाते यांचा पूर्वसंपर्क होऊ नये, हा करारातील एक महत्त्वाचा निर्बंध. पण कुटुंबांतर्गत दत्तकाला २९ व्या अनुच्छेदाने त्यातून वगळले आहे. शिवाय करार मुलाचे नागरिकत्व मोजत नाही, तर त्याचे नेहमीचे वास्तव्य कोठे आहे हे पाहतो. जे मूल तान्हेपणापासून भारतातच वाढले, त्याचे नेहमीचे वास्तव्य कोणत्या देशात मानायचे, हा प्रश्न पारपत्राचा रंग पाहून सुटणारा नाही.

काय करता येईल?

सुधारणेसाठी नवा कायदाच हवा असे नाही. २०२२ च्या नियमावलीत एक स्वतंत्र प्रकरण जोडून भारतात वास्तव्य असलेल्या, परदेशी नागरिकत्वाच्या नात्यातील मुलासाठी प्रक्रिया आखता येईल. तिच्या अटी कडकच असाव्यात. जन्मदात्यांची संमती भारतीय वकिलातीत समक्ष नोंदविली जावी. जन्मनोंद आणि गरज भासल्यास जनुकीय चाचणी यांद्वारे नाते सिद्ध व्हावे. मुलाच्या नागरिकत्वाच्या देशाच्या केंद्रीय प्राधिकरणाकडून हरकत आहे की नाही, हे विचारले जावे आणि उत्तरासाठी मुदत असावी. जिल्हा बालसंरक्षण कक्षाने गृहभेट द्यावी. कळत्या वयाच्या मुलाचे म्हणणे ऐकले जावे. पैशाची देवाणघेवाण आढळल्यास फौजदारी कारवाई व्हावी. आणि हे सारे ठरावीक महिन्यांत पूर्ण व्हावे.

दत्तकाचे आदेश देण्याचा अधिकार न्यायालयांकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपविणारी दुरुस्ती संसदेने २०२१ मध्ये केली, ती विलंब टाळण्याच्याच हेतूने. तो हेतू या मुलांपर्यंतही पोहोचायला हवा.

कुटुंबांनीही या निकालातून एक धडा घ्यायला हवा. ‘मूल आधी आणू, कागद मागाहून पाहू’ ही आपल्याकडील सवय देशाच्या सीमेपाशी महागात पडते. परदेशातील नात्यातले मूल दत्तक घ्यायचा विचार असेल, तर मूल तेथे असतानाच तेथील आणि येथील प्राधिकरणांशी पत्रव्यवहार सुरू करणे, हाच आज उपलब्ध असलेला सुरक्षित मार्ग आहे. तो लांबचा आहे, परंतु बंद नाही. मूल एकदा येथे रुजले, की परतीची वाट उरत नाही आणि पुढची वाट आखलेली नाही.

अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर शासनाने जुनी दप्तरे उघडली, कारण नोंदीवाचून माणसांचे हक्क अडले आहेत, हे लाखो लोकांनी एकत्र येऊन सांगितले. परदेशी पारपत्र असलेल्या, पण येथील घरात वाढणाऱ्या मुलांची संख्या तुलनेने किरकोळ आहे. त्यांच्यासाठी मोर्चा निघणार नाही, उपोषण होणार नाही, निवडणुकीच्या गणितातही ती बसणार नाहीत. म्हणूनच त्यांच्यासाठीची वाट शासनाने स्वतःहून आखायला हवी. कायद्याला दुरुस्तीसाठी हवी तितकी वर्षे मिळू शकतात. पण ज्या घरात असे मूल वाढत आहे, तेथे प्रत्येक जून महिन्यात ते एक इयत्ता पुढे जाते आणि शाळेचा अर्ज पुन्हा समोर येतो.